बँकेत साहेब होतो, कोर्टात शिकाऊ आहे: हे दोन्ही एकाच अंगावर कसं वागवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांचं वय ५७, सरकारी बँकेत तीसेक वर्षं काढलेली, शेवटची पोस्टिंग रिकव्हरीत चीफ मॅनेजर, व्हीआरएस घेतली, मग एलएलबी केलं, सनद हातात आलीये, एआयबीई (वकिलीसाठीची बार कौन्सिलची परीक्षा) अजून द्यायचीय, आणि सध्या जिल्हा कोर्टात एका वकिलांच्या चेंबरला जातात. सर ३८ वर्षांचे. विचारणारे लिहितात की बोललो तर सरांना वाटतं काका शिकवायला निघाले, गप्प बसलो तर मलाच वाटतं तीस वर्षं पाण्यात गेली, मग अनुभव बाजूला ठेवून कोऱ्या पाटीने शिकायचं की अनुभव वापरायचा? आणि स्वतःचं ऑफिस कधी टाकायचं हेही विचारलंय.

मी याच रस्त्याने आलोय, बँकेतून रिटायर होऊन काळा कोट घातला, आता बहुतेक काम चेक बाउन्स, बँक वसुली आणि कर्जदारांच्या बाजूची प्रकरणं यांचंच असतं, आणि मधल्या काळात माझ्याकडेही तुमच्यासारखे दोघंतिघं येऊन शिकून गेलेत. त्यामुळे जे सांगतोय ते दोन्ही खुर्च्यांवरून.

पहिली गोष्ट, पाटी कोरी करायच्या भानगडीत पडू नका. होत नाही ती, आणि कोरी पाटी घेऊन आलेले चोवीस वर्षांचे पोरं-पोरी कोर्टात भरपूर आहेत, तुमच्यापेक्षा पळायला चपळ आहेत, सरांना कोरी पाटीच हवी असती तर त्यांनी त्यांच्यातलाच एखादा घेतला असता. पण अनुभव निम्मा आणि नवखेपणा निम्मा असं मिश्रण करून सगळीकडे तेच वाटायचं, हेही चालत नाही. माझं म्हणणं असं की कुठे तुम्ही उस्ताद आहात आणि कुठे अगदी बिगरीत आहात याच्या जागा ठरलेल्या आहेत. कागदात तुम्ही उस्ताद. कोर्टाच्या रीतीत बिगरीत. आणि या दोन्हीच्या मधे एक पट्टा आहे, तिथे बँकेने कायदा जसा शिकवला तसा तुम्हाला येतो आणि तुम्हाला वाटतं की मला कायदा येतो. खरा धोका तिथे आहे. त्याच्यावर मी जास्त लिहिणारे.

कागदाचं आधी उरकतो कारण ते तुम्हाला सांगायची गरज नाही. तरी एक-दोन नमुने देतो, म्हणजे तुमच्या ज्ञानाला इथे काय भाव आहे ते कळेल. सरफेसी म्हणजे थकलेल्या कर्जाचं तारण बँकेला दावा न लावता ताब्यात घेऊ देणारा कायदा, त्याची १३(२) ची पैसे भरा सांगणारी नोटीस घेऊन कर्जदार चेंबरला येतो. नवा वकील काय बघतो, रक्कम बघतो, ६० दिवस मोजतो, नोटीस कुणाच्या सहीची आहे ते बघतो. तुम्ही खातेउतारा मागवता आणि नोटिशीत एनपीएची, म्हणजे खातं थकीत ठरवल्याची, जी तारीख लिहिलीये त्याच्या मागचे ९० दिवस उताऱ्यात बघता, त्या काळात किती जमा झाली, कुठल्या हप्त्याला वळती केली, खरंच ओव्हरड्यू तेवढे दिवस होतं का. हे डोळ्याने दिसायला तीस वर्षं लागतात, पुस्तकात नाही मिळत. तसंच दंडव्याज. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितलं की दंड व्याजदरात मिसळायचा नाही, पीनल चार्जेस म्हणून वेगळा दाखवायचा आणि त्याच्यावर पुन्हा व्याज लावायचं नाही, नव्या कर्जांना हे १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं. उताऱ्यातल्या कुठल्या नोंदीत तो दंड अजून व्याजात लपलाय हे तुम्ही चहा पिता पिता सांगाल. किंवा तारण जमिनीचा सातबारा बघून विचाराल की ही जमीन एनए (बिगरशेती) कधी झाली? कारण शेतजमिनीवरच्या तारणाला सरफेसी लागत नाही, कलम ३१(आय). कर्जदार गावाकडचा असेल तर कधीकधी अख्खं प्रकरण या एका प्रश्नावर फिरतं. इथे नम्रपणे गप्प बसणं म्हणजे पक्षकाराचं नुकसान. उपकार नव्हे.

आता रीत. इथे तुम्ही खरोखर पहिलीत आहात आणि ते मान्य करायला लाज वाटायचं कारण नाही, कारण हे कुठल्याच लॉ कॉलेजात शिकवत नाहीत. निशाणी ५ म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज, हे तुम्हाला परीक्षेत कुणी विचारलं होतं का? दिवाणी प्रक्रिया संहितेतलं ऑर्डर ३९ रूल १ आणि २ विचारलं होतं. पण महाराष्ट्रातल्या कुठल्याही दिवाणी कोर्टात उभे राहा, कानावर येणार ते "एक्झिबिट फाइव्हवर आर्ग्युमेंट आहे". समोरच्याने अर्ज दिला की त्याच्यावर हुकूम पडतो "अदर साइड टू से", आणि मग आठ दिवसांनी कुणीतरी विचारतं की से (म्हणजे अर्जावरचं लेखी म्हणणं) दिला का, आणि नवखा माणूस बघत राहतो की कुणी काय म्हणायचंय. पुरावा संपला की तसं लेखी कळवणारी पुरशिस द्यायची. तारखेला काय झालं ते रोजनाम्यात बघायचं, ऑनलाइन स्टेटस दिसतं खरं पण ते कधी उशिरा चढतं, कधी अर्धंच असतं. फायलिंगच्या टेबलावर ऑब्जेक्शन निघतात ती तर वेगळीच शाळा आहे: पानांवर नंबर नाहीत, समास कमी सोडलाय, व्हेरिफिकेशनवर पक्षकाराची सही राहिली, वकीलपत्रावर वेल्फेअर स्टॅम्प नाही, यादीत सात कागद आणि सोबत सहाच.

हे सगळं कुणाला येतं? सरांच्या कारकुनाला. वीस-पंचवीस वर्षं कोर्टात फिरलेला कारकून असेल तर पहिले सहा महिने तोच तुमचा गुरू समजा. आणि बँकेतून आलेल्या साहेबाला नेमकं हेच जड जातं, कारण तीस वर्षं आपण टेबलाच्या पलीकडच्याला "हे करून आणा" म्हणत आलो. माझ्याकडे आलेले एक गृहस्थ, माणूस हुशार, पण कारकुनाला अर्ज देऊन "हे फाइल करून टाका" म्हणायचे आणि वर्तमानपत्र उघडायचे. तीन महिने झाले तरी त्यांना अर्ज कुठल्या खिडकीवर जातो ते माहीत नव्हतं. दुसरे एक होते ते कारकुनाबरोबर खाली जायचे, रांगेत उभे राहायचे, ऑब्जेक्शन निघालं की ते वहीत लिहून घ्यायचे, आणि अण्णा, हे असं का, हे असं का, विचारून त्याला बेजार करायचे. त्यांना वर्षभरात माझी गरज उरली नाही. पहिल्या वर्षी काहीही विचारलं तरी लोक कौतुकाने सांगतात, या वयात शिकताय काका म्हणून. तिसऱ्या वर्षी तोच प्रश्न विचारला तर तोंडाकडे बघतात. तेव्हा जे विचारायचं ते आत्ताच विचारून घ्या.

आता तो मधला पट्टा.

चेक बाउन्स घ्या, कारण सुरुवातीला तुम्हाला तेच मिळणार. बँकेत चेक परत गेल्याचे रिटर्न मेमो तुमच्या हातून शेकड्याने गेले असतील. त्यामुळे १३८ ची, म्हणजे चेक बाउन्सच्या कलमाची, नोटीस लिहायला बसलात की हात आपोआप बँकेच्या वळणावर जातो: अमुक कर्ज, अमुक तारखेपर्यंत येणे बाकी, त्यावर व्याज, चार्जेस, एकूण इतके, पंधरा दिवसांत भरा. सगळं कर्ज परत मागणारी बँकेची रिकॉल नोटीस म्हणून हे झकास आहे. १३८ ची नोटीस म्हणून गळ्याशी येऊ शकतं. कायदा म्हणतो की नोटिशीत चेकच्या रकमेची मागणी पाहिजे. चेक चार लाखांचा आणि तुम्ही मोघम मागितले पाच लाख बारा हजार, तर समोरचा वकील उलटतपासात दुसरं काही विचारणारच नाही. व्याज, नोटीस खर्च मागायचा तर मागा, पण चेकची रक्कम वेगळी, स्पष्ट, आकड्यात आणि अक्षरात, अशी की उरलेलं सगळं खोडलं तरी ती मागणी जागेवर राहील.

दिवस मोजणंही तसंच. बँकेत आपण सगळं तीस-साठ-नव्वदमध्ये मोजतो. इथे तीन वेगवेगळे काटे आहेत. चेक परत गेल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस. नोटीस समोरच्याला मिळाल्यापासून १५ दिवस त्याला पैसे द्यायला. ते संपल्यावर एक महिन्यात तक्रार, आणि हा महिना कॅलेंडरचा महिना आहे, ३० दिवस नव्हेत. समजा नोटीस १० एप्रिलला मिळाली, तर १५ दिवस २५ ला संपले, तक्रारीचं कारण २६ ला घडलं, आणि ज्या दिवशी कारण घडलं तो दिवस मोजायचा नाही, म्हणून २६ मे पर्यंत तक्रार मुदतीत. हे सुप्रीम कोर्टाने साकेत इंडियाच्या केसमध्ये १९९९ लाच स्पष्ट केलंय. आणि घाईघाईने १५ दिवस संपायच्या आत तक्रार टाकली तर ती टिकत नाही, २०१४ चा योगेंद्र प्रताप सिंगचा निकाल आहे. उशीर झाला तर निदान माफीचा अर्ज तरी करता येतो, लवकर टाकलेली मात्र माफीने सुधारत नाही, नव्यानेच टाकावी लागते. बँकेत लवकर केलेल्या कामाला कुणी नावं ठेवत नव्हतं, त्यामुळे ही गोष्ट आपल्या अंगात नसते.

मेमोवरचं कारण हाही असाच सापळा. "फंड्स इनसफिशियंट" असेल तरच १३८ लागतं असं कितीतरी बँकवाल्यांच्या डोक्यात पक्कं असतं, कारण कलमाचे शब्द वरवर वाचले तर तसेच आहेत. पण खातं बंद करून ठेवलं असेल तरी लागतं, सही जुळत नाही म्हणून परत आला तरी लागू शकतं, यावर सुप्रीम कोर्टाचे निकाल आहेत, १९९९ चा एनईपीसी मायकॉन आणि २०१२ चा लक्ष्मी डायकेम. म्हणजे ज्या मेमोचे तुम्ही तज्ज्ञ, त्याच मेमोवर तुम्ही पक्षकाराला "काही होत नाही, जाऊ द्या" सांगून परत पाठवाल.

खातेउताऱ्याचं तर विचारूच नका. बँकेत उतारा म्हणजे ब्रह्मवाक्य. सिस्टीममध्ये आहे म्हणजे आहे. कोर्टात तो आधी पुरावा व्हावा लागतो. बँकर्स बुक्स एव्हिडन्स अ‍ॅक्ट, १८९१ चा, त्याखालचा दाखला पाहिजे, कॉम्प्युटरचा प्रिंट आहे म्हणून कलम २ए चा दाखला पाहिजे. आणि एवढं सगळं बरोबर झालं तरी नुसत्या हिशेबवहीतल्या नोंदीवर कुणावर देणं लादता येत नाही, हे आधी एव्हिडन्स अ‍ॅक्टच्या कलम ३४ मध्ये होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २८ मध्ये आहे. कर्जमागणी अर्ज, करारपत्र, पैसे प्रत्यक्ष दिल्याचं व्हाउचर किंवा आरटीजीएस, हे सोबत सिद्ध करावं लागतं. हे पहिल्यांदा ऐकलं की बँकवाला चिडतोच, की अहो आमची बँक काय खोटा उतारा देणार का! चिडा हवं तर, घरी जाऊन चिडा, पण व्हाउचर शोधून लावा.

मग कमर्शियल कोर्ट. २०१८ पासून तीन लाख आणि त्यावरचे व्यापारी वाद तिकडे जातात, आणि तातडीची मनाई वगैरे मागायची नसेल तर दाव्याच्या आधी मध्यस्थीची पायरी, कलम १२ए, सक्तीची आहे. २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशनच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की ती टाळली तर दावाच नामंजूर होऊ शकतो. तुम्ही रिकव्हरीत असताना पॅनेलवरचे वकील हे बघत होते, तुम्ही फक्त "दावा दाखल झाला का" एवढंच फॉलोअपला लिहीत होता. त्यामुळे वसुलीचा दावा मला माहितीये असं वाटतं, पण माहिती असते ती त्याच्या शेवटच्या टोकाची.

आणि सरकारी बँकेतून आलेल्यांसाठी खास: पतसंस्था आणि सहकारी बँका. आपल्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणी निम्मी प्रकरणं यांचीच. तिथे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०, कलम १०१ चा वसुली दाखला निबंधकांच्या ऑफिसातून निघतो, कोर्टात दावा नाही, वसुलीही संस्थेचाच वसुली अधिकारी करतो, आणि त्या दाखल्याविरुद्ध रिव्हिजनला जायचं तर कलम १५४ खाली आधी निम्मी रक्कम भरावी लागते. पक्षकार म्हणतो "बँकेचं कर्ज आहे", तुम्ही म्हणता "बँकेचं ना, मग माझ्यावर सोडा". थांबा. कुठली बँक, कुठल्या कायद्याखाली नोंदलेली, ते आधी विचारा.

या पट्ट्यात मी एकच सवय सांगतो आणि ती अजून स्वतः पाळतो. ज्या गोष्टीबद्दल मनात "हे काय, हे तर मला माहितीच आहे" असं येतं, तिचं कलम बेअर अ‍ॅक्टमध्ये, म्हणजे कायद्याच्या नुसत्या मूळ पुस्तकात, उघडून बोट ठेवून वाचायचं. जे माहीत नाही ते आपण शोधतोच. जे माहीत आहे असं वाटतं तेच कुणी उघडून बघत नाही.

लिहिण्याबद्दल थोडं. बँकेत आपण कर्जप्रस्तावाची प्रोसेस नोट लिहायचो, त्यात स्ट्रेंथ, वीकनेस, आपलं निरीक्षण, सगळं प्रामाणिकपणे मांडायचं, उद्या ऑडिट आलं तर आपली मान सुटली पाहिजे म्हणून. तोच हात दाव्याला लावला की वादीच स्वतःच्या केसमधली भोकं दाखवत बसतो. ऑर्डर ६ रूल २ म्हणतं की प्लीडिंगमध्ये महत्त्वाची तथ्यं लिहा, पुरावा लिहू नका. लपवायचं नाही, खोटं तर अजिबात लिहायचं नाही, पण न विचारलेलं सांगायचंही नाही. सरांनी तुमच्या आठ पानांच्या ड्राफ्टची साडेतीन पानं केली तर नाराज न होता दोन्ही प्रती शेजारी ठेवा आणि काय काय उडवलं ते बघा. उलटतपासालाही हेच, बँकवाल्याचा प्रश्न इतका लांब असतो की त्यात साक्षीदाराला पळायला चार दारं मिळतात.

आता सरांचं. ३८ वर्षांच्या माणसाला "सर" म्हणायला जीभ अडते का? सुरुवातीला सगळ्यांची अडते. म्हणा. ते तुम्हाला साहेब म्हणतील, ज्युनियर मुलं काका म्हणतील, चालू द्या. फक्त "आमच्या बँकेत असं असायचं" हे वाक्य दिवसातून एकदाच्या वर नको, खरं तर आठवड्यातून एकदा पुरे. बोलायची जागा चेंबर आहे, कोर्टरूम नाही. आदल्या संध्याकाळी एक पान द्या: डाव्या बाजूला तारीख, उजवीकडे काय झालं आणि फायलीतलं पान नंबर, खाली दोन ओळींत तुम्हाला काय खटकतंय. मत नको, नोंद द्या. "बँकेने चुकीचं केलंय" असं लिहू नका, "पान ४३, या तारखेला १ लाख १० हजार जमा, तरीही नोटिशीत एनपीएची तारीख त्याच्या लगेच नंतरची" असं लिहा. सर समजायचं ते समजतात. सुनावणी चालू असताना काही दिसलं तर कोट ओढायचा नाही, कानात कुजबुजायचं नाही, चिठ्ठीवर पान नंबर आणि चार शब्द, बस. वाचली तर वाचली. नाही वाचली तर बाहेर आल्यावर लगेच तोंड वाजवू नका, संध्याकाळी सांगा. दोन-तीनदा त्या चिठ्ठीने कामाची गोष्ट निघाली की पुढच्या वेळी सर स्वतःच मागे वळून हात पुढे करतात.

व्हिजिटिंग कार्डावर "माजी चीफ मॅनेजर, अमुक बँक" छापायचा मोह होईल. छापू नका, आणि हे मी विनय म्हणून सांगत नाहीये. बार कौन्सिलचा नियम ३६ वाचा, वकिलाच्या पाटीवर किंवा लेटरहेडवर तो कुठल्या संस्थेशी संबंधित होता किंवा कुठल्या कामाचा स्पेशालिस्ट आहे हे लिहायला मनाई आहे. न्यायाधीश म्हणून काम केलेल्यालासुद्धा ते लिहिता येत नाही, तिथे आपलं चीफ मॅनेजरपण कुठे. नियम १३ पण बघून ठेवा: ज्या प्रकरणात आपण साक्षीदार होऊ शकतो ते वकीलपत्र घ्यायचं नाही. म्हणजे तुम्ही स्वतः मंजूर केलेल्या किंवा वसुलीला लावलेल्या कर्जाचा माणूस ओळखीने दारात आला तर चहा पाजून दुसऱ्याकडे पाठवा, फाइल उघडूही नका. बँकेतल्या जुन्या सहकाऱ्याला फोन करून आतली माहिती काढणं हेही करायचं नाही.

एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे आणि तिचा फायदा घ्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष अधिनियम लागू झाले, आणि चाळीस वर्षं फौजदारी केलेली मंडळीही एका रात्रीत पुन्हा आकडे पाठ करायला बसली. गंमत बघा, जुन्या संहितेत ४८२ म्हणजे हायकोर्टाचे अंगभूत अधिकार, एफआयआर रद्द करायला जायचं कलम. नव्या संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन. १४४ म्हणजे जमावबंदी हे पेपर वाचणाऱ्यालाही माहीत होतं, आता १४४ खाली पोटगी मिळते आणि जमावबंदी १६३ ला गेली. एखादे ज्येष्ठ वकील बोलण्याच्या ओघात जुना आकडा बोलतात आणि मग हसून दुरुस्त करतात, हे अजून कोर्टात होतं. तुमच्या डोक्यात जुने आकडे घट्ट बसलेलेच नाहीत, तुम्ही थेट नवे शिका. डिजिटल पुराव्याचा साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चा दाखला आता दोन भागांत द्यावा लागतो, त्यात हॅश व्हॅल्यू (फाइलचा डिजिटल ठसा) लिहायची, दुसरा भाग तज्ज्ञाच्या सहीचा. याचा नमुना चेंबरमध्ये तुम्ही तयार करून ठेवा. बँकेत फॉरमॅट भरण्यात तुमचा हात धरणारा कोण होता? ज्या कामात तुमचा जुना हात आणि नवा कायदा दोन्ही लागतो असं एखादं काम पकडलं की चेंबरमध्ये तुमची जागा आपोआप होते, मागावी लागत नाही.

उलट्या बाजूचाही आजार असतो, तोही बघितलाय. काही जण इतके नम्र होतात की त्यांना काही येतं हेच कुणाला कळत नाही. सर उतारा चुकीचा वाचतायत, ओव्हरड्यू (थकलेले हप्ते) आणि आउटस्टँडिंग (एकूण बाकी) एकच समजून बोलतायत, आणि हे शेजारी बसून मान डोलावतात, कारण "मी काय, नवशिका". हा नम्रपणा नाही, ही जबाबदारी टाळणं आहे, आणि थोडा अहंकारही असतो बरं का त्यात, बोललो आणि चुकलो तर लोक काय म्हणतील याचा.

शरीर आणि पैसा, दोन्हीवर पटकन. कोर्टात उभं राहणं खूप असतं, जिने असतात, उन्हाळ्यात काळा कोट असतो, तेव्हा तरुण ज्युनियरशी पळण्यात बरोबरी करू नका, तुम्ही कागद लावा, त्याला पळू द्या, आणि त्याला बँकेचा उतारा वाचायला शिकवा, तो तुम्हाला ई-फायलिंग शिकवेल. पेन्शन चालू आहे म्हणून फुकट कामं करत सुटू नका. नातेवाईक, सोसायटीवाले, जुने स्टाफ मेंबर सगळे "जरा नोटीस बघा ना" म्हणून येणार. पण तुमच्या शेजारी बसलेला पंचविशीतला वकील त्याच नोटिशीवर घरभाडं भरत असतो, त्याचा भाव पाडायचा आपल्याला अधिकार नाही. गरिबाचं फुकट करायचं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलसाठी पुढे अर्ज करा, तिथे रीतसर होतं.

स्वतंत्र ऑफिस कधी टाकायचं. वर्षं मोजू नका. एक चेकचा खटला नोटिशीपासून निकालापर्यंत आणि एक दिवाणी दावा किमान कोर्टाने वादाचे मुद्दे काढेपर्यंत, कारकुनाला न विचारता, फायलिंगला ऑब्जेक्शन न निघता, तुम्ही स्वतः पुढे नेलात की टाका. तोपर्यंत सरांच्या चेंबरमध्ये कोपऱ्यातलं टेबल बरं आहे. सुरुवातीला फौजदारी जामीन, घटस्फोट वगैरे आलं की सरळ दुसऱ्याकडे द्या, सगळंच करायचं वय आणि गरज दोन्ही आता नाहीत. डीआरटीत, म्हणजे बँकांच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात, मात्र लवकर जायला लागा, पुणे, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर जे जवळ पडेल तिथे, कारण सरफेसीच्या १३(४) च्या, म्हणजे तारण ताब्यात घ्यायच्या, कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत कलम १७ खाली तिथेच जावं लागतं, तिथली भाषा बहुतेक बँकेचीच आहे आणि तुमच्यासारख्या माणसाला तिथे सूर लवकर सापडतो.

आणि एआयबीई लांबणीवर टाकू नका. सनद मिळाल्यापासून दोन वर्षांच्या आत ती पास व्हावी लागते, तुमचे त्यातले काही महिने गेलेच आहेत. शंभर प्रश्न, निगेटिव्ह मार्किंग नाही, बेअर अ‍ॅक्ट आत नेता येतात पण त्यावर काही लिहिलेलं चालत नाही, म्हणून अभ्यासाची खुणा केलेली प्रत वेगळी आणि परीक्षेची कोरी प्रत वेगळी अशा दोन घ्या, आणि तीनही नवे कायदे त्यात असू द्या.